वॉशिंग्टनमध्ये ‘वॉशिंग’ कुठेच नाही

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, कारण हाच प्रश्न जरा वेगवेगळ्या वेषात मला वर्षातून तीन-चार वेळा तरी येतो. थोडक्यात परत सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमची मुलगी अमेरिकेत सहावीत आहे, शाळेत ‘नावामागची गोष्ट’ असा प्रोजेक्ट आहे, तिने वॉशिंग्टन हे नाव घेतलंय. नेटवर तीन ठिकाणी तीन अर्थ मिळाले: एक म्हणतो कपडे धुवायची जागा, दुसरा म्हणतो दलदलीतलं गाव, तिसरा म्हणतो कोणा वस्सा नावाच्या माणसाचं गाव. आणि तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं आडनाव वॉशिंग्टन आहे, ती आफ्रिकन-अमेरिकन आहे, तर ती जॉर्ज वॉशिंग्टनच्या घराण्यातली का, असं मुलगी विचारतेय.

मी गेली अठरा वर्षं इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात राहते आणि त्यातली चौदा-पंधरा वर्षं लोकांना घराण्याचा इतिहास शोधायला मदत करण्यात गेली, आधी हौस म्हणून, मग आठवड्यातून दोन दिवस रीतसर. मूळचं वॉशिंग्टन माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. हो, आहे असं गाव. १९६४ मध्ये त्याला ‘न्यू टाउन’ म्हणून जाहीर केलं, त्यामुळे आता बरंचसं राउंडअबाउट, हाउसिंग इस्टेट आणि शॉपिंग सेंटर, शेजारी निसानची मोटारींची फॅक्टरी. पण जुन्या चर्चच्या बाजूला, टेकाडाखाली, दगडी ओल्ड हॉल अजून उभा आहे. इथे आलेल्या अमेरिकन पर्यटकांचा चेहरा बघण्यासारखा असतो, त्यांना वाटतं या गावाला त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचं नाव दिलंय.

तर खरं बघाल तर तुम्ही तीन वेगळे प्रश्न एकात विचारलेत. गावाच्या नावाचा अर्थ काय हा एक. ते नाव माणसांना आडनाव म्हणून कसं चिकटलं हा दुसरा. आणि आज ते आडनाव लावणाऱ्याचा त्या गावाशी किंवा त्या घराण्याशी रक्ताचा संबंध आहे का हा तिसरा. वेबसाइटवाले हे तिन्ही एकाच वाक्यात कोंबतात, ‘वॉशिंग्टन आडनावाचा अर्थ अमुक’, आणि तिथेच सगळा घोळ होतो. आडनावाला तसा अर्थ नसतोच हो, गावाच्या नावाला असतो. आडनावाचा अर्थ फक्त ‘त्या गावचा’ एवढाच. निंबाळकर म्हणजे ‘निंबाच्या झाडांचा माणूस’ असं कोणी सांगितलं तर आपण म्हणू ना, अहो थांबा, निंबळक नावाचं गाव आहे फलटणजवळ, तिथले ते निंबाळकर, झाडाचं काय ते त्या गावाला विचारा.

आधी गाव घेऊ.

इंग्रजी गावाच्या नावाचा आजचा स्पेलिंग बघून अर्थ लावायचा नाही, हा पहिला नियम, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. जुन्यात जुनं लिखित रूप शोधायचं. इंग्लंडमधल्या बहुतेक गावांसाठी लोक १०८६ च्या डूम्सडे बुककडे धावतात, विजेत्या विल्यमने करून घेतलेली जमीन-महसुलाची नोंद, आपल्या सातबाऱ्याची खापरपणजी म्हणा. पण इथे गंमत अशी की डूम्सडे बुकात डरहॅम, म्हणजे आमचं वॉशिंग्टन ज्या काउंटीत होतं ती, नाहीच! डरहॅम आणि नॉर्थम्बरलंड हे भाग त्यात धरलेलेच नाहीत. त्यामुळे आमच्या वॉशिंग्टनसाठी आधार आहे तो शंभर वर्षांनंतरचा, ११८३ चा, ‘बोल्डन बुक’ नावाचा. डरहॅमचा बिशप ह्यू द प्युइसे याने आपल्या जहागिरीतल्या गावांकडून काय काय येणं आहे त्याची यादी करवून घेतली ती ही. त्यात गावाचं नाव वस्सिंग्टोना, वेस्सिंग्टन अशा रूपात येतं. नीट बघा, ‘श’ नाही. ‘स’ आहे.

आता धुण्याची थिअरी. जुन्या इंग्रजीत धुण्याला ‘वॅस्कन’ असं क्रियापद होतं आणि धुण्यावरून गावांना नावं पडलीही आहेत, डेव्हनमध्ये शीपवॉश नावाचं गाव आहे, मेंढ्या धुवायची जागा. म्हणजे कल्पना वेडगळ नाहीये. पण धुण्याच्या त्या शब्दात मुळापासून ‘स्क’ आहे, ज्याचा पुढे ‘श’ झाला, आणि बाराव्या शतकातल्या लेखनिकांनी हे नाव लिहिताना नुसता ‘स’ लिहिलाय, एकदा नाही, वारंवार. ‘श’ नंतर शिरलाय. इ च्या आधी स चा श होणं आपल्याला काही नवं नाही, हिंदीवाला सीखना म्हणतो आपण शिकणं म्हणतो, त्याचं सींग आपलं शिंग. इंग्रजीत त्यात भर पडली ती वॉश या ओळखीच्या शब्दाची, कानाला ओळखीचं वाटलं की जीभ तिकडे वळते, लिहिणारा पण वळतो. म्हणून धुणं बाद. खाली वेअर नदी वाहते, तिथे बायका कपडे धुवायच्या वगैरे जे सांगतात ते नावावरून रचलेलं आहे, नाव त्यावरून नाही.

दलदलीवाला अर्थ मात्र मी इतक्या पटकन झटकणार नाही, त्यामागे खरा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत ‘वॅस्से’ असा एक शब्द मानतात, नदीकाठची अशी जमीन जिथे पूर येतो आणि भराभर ओसरतो. श्रॉपशरमधलं बिल्डवॉस सेव्हर्न नदीकाठी, स्टॅफर्डशरमधलं ऑलरवॉस ट्रेंटकाठी, ही नावं त्यातली. मार्गारेट गेलिंग या बाईंनी अशा भूगोलाच्या शब्दांवर आयुष्यभर काम केलं. नुसत्या शब्दकोशात बघून नाही, जमीन कशी दिसते, पाणी कुठून येतं कुठे जातं ते बघून. या शब्दाचा अर्थ इतका नेमका कळला तो अशा कामामुळे. म्हणजे साधी दलदल नाहीच, तर पटकन भरणारी, पटकन निचरा होणारी जमीन, आपल्याकडे नदीकाठी मळई असते ना, त्याच्या जवळपासचं काहीतरी. पण हा शब्द बहुतेक नावाच्या शेवटी येतो, आणि वॉशिंग्टनमध्ये त्याच्यापुढे लगेच ‘इंग’ आणि ‘टन’ आहे. या जोडीच्या आधी बहुतांश वेळा माणसाचं नाव असतं.

ती जोडी जरा उकलून सांगते, कारण प्रोजेक्टला हीच कामाची आहे. शेवटचा ‘टन’ म्हणजे जुना ‘तून’. मुळात कुंपण, मग कुंपण घातलेलं आवार, मग वाडी, मग गाव, आणि शेवटी आजचा टाउन. जर्मनमध्ये तोच शब्द अजून कुंपणाच्या अर्थाने आहे आणि डचमध्ये बागेच्या. न्यूटन म्हणजे नवी वाडी, सटन म्हणजे दक्षिणेची वाडी, प्रेस्टन म्हणजे पाद्र्यांची वाडी, हे असं. मधला ‘इंग’ म्हणजे जोडणारा तुकडा, ‘अमक्याशी संबंधित’. तर वस्सिंग्टन म्हणजे वस्सा किंवा ह्वॅसा नावाच्या कोणा माणसाशी संबंधित वाडी. वस्सावाडी म्हणा हवं तर. ह्वॅसा हे नाव पुस्तकात छापतात तेव्हा त्याच्या डोक्यावर एक चांदणी असते. ती चांदणी बघितली की समजायचं हे नाव कुठल्या कागदावर सापडलेलं नाही, गावांच्या नावावरून उलटं काढलेलं आहे. वेबसाइटवाले ती चांदणी गाळतात आणि मग ‘सॅक्सन सरदार ह्वॅसा’ वगैरे लिहून मोकळे होतात. सरदार कसला, तो साधा शेतकरीही असेल, त्याच्या वाडीचं नाव उरलं एवढंच.

इथे अजून एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलेय. इंग्लंडमध्ये वॉशिंग्टन एक नाही. दक्षिणेला ससेक्समध्ये दुसरं वॉशिंग्टन आहे, साउथ डाउन्सच्या पायथ्याशी छोटंसं गाव, आणि कागदोपत्री ते आमच्यापेक्षा जुनं, दहाव्या शतकातल्या सनदांमध्ये त्याचं नाव आहे आणि डूम्सडे बुकातही आहे. त्याच्या जुन्या रूपात ‘इंग’ नाही तर ‘इंगा’ दिसतो, वस्सिंगातून असा. त्या एका ‘आ’ ने अर्थ बदलतो, ‘वस्साची वाडी’ ऐवजी ‘वस्साच्या लोकांची वाडी’, म्हणजे त्याचा कबिला, भावकी म्हणू. ससेक्समध्ये असली नावं खूप, हेस्टिंग्ज, वर्दिंग, सगळी कोणाच्या ना कोणाच्या भावकीची. आणि तिसरं, डर्बीशरमध्ये वेसिंग्टन नावाचं गाव आहे. ऐकायला आमच्या वॉशिंग्टनचं जुनं रूपच वाटतं, पण डूम्सडे बुकात ते ‘विस्टनेस्टुन’ आहे, विग्स्टान नावाच्या माणसाची वाडी. म्हणजे तीन गावं, तीन वेगळी माणसं, आणि शतकांच्या रगड्यात तिघांचा आवाज जवळपास सारखा झाला.

खड्ड्यात कशी पडले ते सांगते. सुरुवातीच्या काळात एक म्हातारे गृहस्थ आले, आडनाव वेसिंग्टन. मी नवीन होते, उत्साहात होते, बोल्डन बुकाचं भाषांतर उघडून त्यांना सांगितलं की आजोबा, तुम्ही इथलेच, हे बघा तुमच्या गावाचं नाव अगदी तुमच्याच स्पेलिंगमध्ये. ते इतके खूश झाले की पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन ओल्ड हॉल बघून आले, चहा-केक खाऊन आले, फोटो पण दाखवले मला. मग मी सावकाश त्यांची माणसं एकेक पिढी मागे नेत गेले, जनगणना, मग चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं, आणि पाचव्या-सहाव्या पिढीला सगळे डर्बीशरमध्ये जाऊन बसलेले, त्या वेसिंग्टनपासून दोन-तीन मैलांवर. त्यांना सांगताना माझी अवस्था काय झाली असेल. ते बिचारे म्हणाले, केक चांगला होता. तेव्हापासून मी पद्धत उलटी केली, आधी माणसं मागे न्यायची जिथपर्यंत जातात तिथपर्यंत, आणि ती जिथे थांबतात त्याच्या आसपास त्या नावाचं गाव आहे का ते बघायचं. नावावरून गावाकडे उडी मारायची नाही.

आता दुसरा प्रश्न, गावाचं आडनाव कसं झालं. इथे बोल्डन बुकातली ती नोंद मला फार आवडते. त्यात म्हटलंय की विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वेस्सिंग्टन आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून, आणि ते त्याने हर्टबर्न गावाच्या बदल्यात घेतलंय, त्यासाठी तो चार पौंड देतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड घेऊन हजर राहतो. चार पौंड आणि चार कुत्रे! एवढ्यावर गाव. बघा, हा माणूस आधी हर्टबर्नचा होता म्हणून ‘द हर्टबर्न’, आणि गाव बदललं तसं घराण्याचं नाव बदललं, ते ‘द वेस्सिंग्टन’ झाले. तो ‘द’ म्हणजे ‘चा’, नॉर्मन फ्रेंचमधला. समजा विल्यमला ती अदलाबदल जमली नसती, बिशपने नाही म्हटलं असतं, तर अमेरिकेची राजधानी आज हर्टबर्न म्हणवली गेली असती, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार छातीतल्या जळजळीसारखाच होतो. हा विनोद मी प्रत्येक ग्रुपला सांगते, माफ करा.

पण यातला मुद्दा गंभीर आहे. आपल्याकडे ‘कर’ लावलेली आडनावं पडली ती बहुतेक गाव सोडल्यावर. गावात असताना सगळेच त्या गावचे, तिथे कोण कोणाला त्या नावाने ओळखणार, दुसरीकडे गेल्यावर लोक विचारतात कुठले हो तुम्ही, मग नाव पडतं. इंग्लंडमधल्या साध्या माणसांचं अगदी असंच झालं, यॉर्कमध्ये कोणी ‘वॉशिंग्टन’ म्हणून ओळखला जात असेल तर तो तिथून उठून आलाय. पण जमीनदारांचं उलटं, ते ज्या गावावर बसले त्या गावाचं नाव त्यांनी घेतलं, निंबाळकरांनी घेतलं तसं (ते मूळचे पवार). म्हणजे एकाच आडनावाचे दोन लोक, एक गावाचा मालक म्हणून त्या नावाचा आणि दुसरा गाव सोडून पळालेला कूळ म्हणून त्या नावाचा, असं शक्य आहे, आणि दोघांचं नातं शून्य. म्हणून कोणी मला ‘आमचं आडनाव वॉशिंग्टन आहे, म्हणजे आम्ही त्या घराण्यातले का’ विचारलं की माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून, आणि तसं सांगितलेलं लोकांना आवडत नाही.

जॉर्जच्या घराण्याची वाट मात्र आता पक्की माहीत आहे. त्यातला एक जॉन वेसिंग्टन १४१६ ते १४४६ डरहॅमच्या मठाचा प्रमुख होता. मूळ गावाचं वतन १४०० च्या आसपासच मुलीच्या लग्नातून दुसऱ्या घराण्याकडे गेलं, म्हणजे त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये वॉशिंग्टन घराणं नाहीच. धाकटी पाती लँकशरमध्ये गेली, वॉर्टन गावच्या चर्चवर त्यांचं चिन्ह आहे. तिथून लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा एक जण नॉर्थॅम्प्टनला आला, लोकरीच्या धंद्यात पैसा केला, शहराचा मेयर झाला, आणि आठव्या हेन्रीने मठ बंद करून जमिनी विकायला काढल्या तेव्हा १५३९ मध्ये सुलग्रेव्ह गावची जमीन घेतली. त्याच्या वंशातला, तोही लॉरेन्सच, एसेक्समध्ये पर्ली नावाच्या गावी पाद्री होता. यादवी युद्धात त्याला १६४३ मध्ये काढून टाकलं, कारण दिलं की हा सारखा दारूच्या गुत्त्यांवर असतो. (तो राजाच्या बाजूचा होता, त्यामुळे आरोप कितपत खरा याबद्दल माझी शंका आहे, अशा वेळी आरोप मिळतातच.) बाप असा रस्त्यावर आलेला, मग मुलगा जॉन व्यापारी जहाजावर चढला आणि १६५७ च्या सुरुवातीला व्हर्जिनियात पोचला, परत निघताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं, तो तिथेच राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. जॉर्जचा हा पणजोबा.

हे मी इतक्या सहज सांगतेय, पण खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनला हे माहीत नव्हतं. सर आयझॅक हर्ड या इंग्लंडच्या वंशावळ-अधिकाऱ्याने तो राष्ट्राध्यक्ष असताना त्याला पत्र लिहून विचारलं की तुमचं घराणं कुठलं. त्याने १७९२ मध्ये उत्तर दिलं त्याचा आशय असा की या विषयाकडे मी फारसं लक्ष दिलेलं नाही, उत्तर इंग्लंडमधल्या कुठल्यातरी भागातून आमचे लोक आले असं ऐकून आहे. हर्डने मग स्वतः वंशवृक्ष जुळवला, त्यात पणजोबा जॉन चुकीच्या माणसाचा मुलगा ठरवला, आणि ती चूक पुढे कित्येक दशकं छापली गेली. पर्लीच्या पाद्र्यापर्यंतचा बरोबर दुवा हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या संशोधकाने १८८९ मध्ये मृत्युपत्रं चाळून चाळून लावला. म्हणजे देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत जर कागद लागायला इतका काळ गेला, तर एखादी वेबसाइट पन्नास डॉलरमध्ये तुमच्या आडनावाचा ‘अधिकृत इतिहास’ आणि घराण्याच्या चिन्हाची फ्रेमबंद ढाल देते तेव्हा काय समजायचं ते समजा. ढालीवरून आठवलं, वॉशिंग्टन डीसीचा झेंडा मुलीला नक्की दाखवा, पांढऱ्यावर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल चांदण्या. ते या घराण्याचंच जुनं चिन्ह आहे, १९३८ मध्ये शहराने झेंडा म्हणून घेतलं. यॉर्कशरमध्ये सेल्बीच्या मठाच्या चर्चमध्ये एका जुन्या खिडकीच्या काचेत तेच चिन्ह आहे, खूप उंचावर, मान मोडते बघताना.

रक्त आणि नाव वेगळं, याचं अजून एक उदाहरण देते, हे महाराष्ट्रात येऊन गेलेलं. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, आताच्या जालना जिल्ह्यात, शिंद्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली. सॉमरसेटमधल्या वेल्स शहराजवळ वेलस्ली नावाची जागा आहे, आडनाव तिथलं. पण त्याचा आजोबा जन्माने कॉली होता! वेस्ली आडनावाच्या निपुत्रिक नातेवाइकाची इस्टेट १७२८ मध्ये मिळाली, त्याबरोबर आडनाव घेतलं, म्हणजे आपल्याकडच्या दत्तकासारखंच, आणि मग आर्थरच्याच पिढीने वेस्लीचं जुन्या थाटाचं वेलस्ली केलं. पुढे १८०९ मध्ये किताब द्यायचा झाला तेव्हा हा स्पेनच्या लढाईत अडकलेला, म्हणून भावाने नकाशा बघून त्याच भागातलं आणि आवाजाने आडनावाशी जुळणारं वेलिंग्टन गाव निवडलं. तो वेलिंग्टन बूट, ते न्यूझीलंडच्या राजधानीचं नाव, सगळं त्या एका निवडीवरून. आणि एल्फिन्स्टन रोड तर आपण वर्षानुवर्षं तिकिटावर वाचलं, २०१८ मध्ये प्रभादेवी झालं ते स्टेशन. गव्हर्नरचं आडनाव, त्याच्या आधी ते गावाचं नाव, स्कॉटलंडमध्ये एडिनबरोच्या पूर्वेला.

आता तिसरा प्रश्न, मैत्रिणीचा. हा नीट हाताळा, कारण सहावीतल्या मुलांच्या हातून नकळत काहीतरी लागेल असं बोललं जाऊ शकतं.

अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे १,६३,००० लोक होते आणि त्यातले जवळजवळ ९० टक्के कृष्णवर्णीय. मोठ्या आडनावांमध्ये कृष्णवर्णीयांचं इतकं प्रमाण असलेलं दुसरं आडनाव तिथे सापडणं कठीण. लोक पटकन म्हणतात, म्हणजे जॉर्जच्या गुलामांचे वंशज. काही असतीलही. हॅरी वॉशिंग्टन नावाचा माणूस तर नक्की होता, माउंट व्हर्नन या जॉर्जच्या मळ्यावरून १७७६ मध्ये पळाला, ब्रिटिशांच्या बाजूला गेला, १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून नोव्हा स्कॉशियाला जहाजाने नेलेल्यांच्या यादीत त्याची नोंद आहे, आणि १७९२ मध्ये तो सिएरा लिओनला गेला, आफ्रिकेत परत, ज्याच्याकडून पळाला त्याचंच आडनाव घेऊन. पण १७९९ मध्ये जॉर्ज वारला तेव्हा माउंट व्हर्ननवर गुलाम होते तीनशेच्या वर थोडे, आणि त्यातले त्याच्या स्वतःच्या मालकीचे १२३. तेवढ्यांतून दीड लाख वॉशिंग्टन होत नाहीत, आणि त्यातल्या सगळ्यांनी ते नाव लावलंही नाही.

खरं कारण असं की गुलामीत बहुतेकांचं आडनाव कागदावर येतच नसे, आणि १८६५ नंतर स्वातंत्र्य मिळाल्यावर शाळेत, फौजेत, जनगणनेत, मजुरीच्या करारात दोन नावं लागायला लागली. कोणी आधीपासून घरात चालत आलेलं नाव पुढे केलं, कोणी मालकाचं घेतलं, कोणी मुद्दाम नाही घेतलं, कोणी मोठ्या माणसाचं घेतलं. गुलामीत जन्मलेल्या आणि पुढे नामवंत शिक्षणतज्ज्ञ झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टनने आपल्या आत्मचरित्रात सांगितलंय की तो शाळेत पहिल्यांदा गेला तेव्हा हजेरीला बाकी मुलांना दोन-दोन नावं, याला एकच, बुकर. आपली पाळी येईपर्यंत त्याने ठरवून टाकलं, आणि मास्तरांनी विचारल्यावर अगदी शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन, जणू जन्मापासून तेच होतं. त्याच्या सावत्र बापाचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. बघा कसं फिरलं ते, वस्सा नावाचा माणूस, त्याच्या नावाची वाडी, त्या वाडीच्या नावाचं घराणं, त्या घराण्यातल्या एकाच्या नावावरून व्हर्जिनियात कोणा गुलामाचं पहिलं नाव, आणि त्यावरून वर्गात बसलेल्या एका मुलाने दोन मिनिटांत घेतलेलं आडनाव. आपल्या वॉशिंग्टन सुंदरचं नाव तर अजून पुढचं, त्याच्या वडिलांनी आपल्याला शिक्षणात आणि क्रिकेटमध्ये मदत करणाऱ्या एका निवृत्त लष्करी माणसाचं नाव पोराला दिलं, त्याचा राष्ट्राध्यक्षाशी काही संबंध नाही आणि डरहॅमशी तर नाहीच.

तेव्हा मुलीने मैत्रिणीला ‘तू त्यांच्या घरातली का’ असं विचारण्यापेक्षा ‘तुमच्या घरात या नावाबद्दल काय सांगतात’ असं विचारलेलं बरं. घरात सांगतात ते चूक असू शकतं पण सुरुवात तिथूनच होते. आणि तिच्या घरच्यांना शोधायचंच असेल तर १८७० च्या जनगणनेपर्यंत एकेक पिढी मागे न्यायची, कारण दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद असलेली ती पहिली जनगणना. त्याच्या मागे भिंत लागते, तिच्यापलीकडे मालकांची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या, आणि तो वाचायला त्रास होणारा प्रकार आहे, मुलांना एकट्याने करायला देऊ नका.

प्रोजेक्टमध्ये लिहायचंच झालं तर मी असं लिहीन: गावाचं नाव बहुधा वस्सा किंवा ह्वॅसा नावाच्या माणसाच्या वाडीवरून, धुण्याशी संबंध नाही, आडनाव बाराव्या शतकात तिथल्या जमीनदाराने घेतलं, अमेरिकेतलं शहर १७९१ मध्ये त्याच्या वंशजाच्या नावाने, राज्यही त्याच्याच नावाने. राज्याची गंमत राहिली. १८५३ मध्ये तिथल्या लोकांनी नाव मागितलं होतं कोलंबिया, पण राजधानीचा जिल्हा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया असल्याने घोळ होईल म्हणून ते बदलून वॉशिंग्टन केलं. घोळ टाळायला! आज ‘वॉशिंग्टनला जातोय’ म्हटलं की पहिला प्रश्न काय येतो ते तुम्हाला अमेरिकेत राहून मी सांगायला नको.

ओल्ड हॉलच्या दाराचा आणि त्यामागच्या चर्चचा फोटो हवा असेल तर सांगा, शनिवारी तसंही त्या बाजूला जाणं आहे. मैत्रिणीच्या घरचे १८७० मध्ये कोणत्या काउंटीत होते एवढं कळलं तर कळवा, पुढचा कागद कुठे बघायचा ते सांगते.